गाऱ्हाणं तू देवाजवळ केलंस

प्रिय दादा,

दर रविवारी इथे सिंगापुरात, बेडोकला तुझ्या फ्लॅटमध्ये उपासनेला जमणाऱ्या आम्हा सगळ्यांची तुझ्याबद्दल एकच तक्रार आहे: तू कधीच तक्रार केली नाहीस. काल तुझी लेक रूथ मला जे बोलली, त्यामुळे हे लिहायला बसलो. या रविवारी उपदेशाऐवजी हेच पत्र वाचणार आहे.

नोकरी गेली तेव्हा तू म्हणालास, प्रभू देईल. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आता उपचार थांबवू या म्हटलं, तर तू त्यांनाच विचारलंस, दमलात का? कोण असं करतं रे?

मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. जुन्या इंग्रज प्युरिटन उपदेशकांची पुस्तकं कोळून प्यालो मी. समाधान आयतं मिळत नाही, संकटात पडून शिकावं लागतं, हे मूठ आपटून सांगितलं मी. लोक आमेन म्हणायचे आणि बघायचे तुझ्याकडे! वाद्यं नकोत, उपासना साधीच हवी, हा आग्रहही माझा. पण स्तोत्राला सुरुवात करायचास तू, तीही बेसूर, आणि सगळी मंडळी तुझ्यामागून गायची. माझा गळा एवढा चांगला असून!

तू गेल्यापासून रूथ उपासनेला बसत नाही. आम्ही हॉलमध्ये गातो, ती आतल्या खोलीचं दार लावून घेते. वहिनी एकदा दार वाजवून आल्या आणि परत गायला बसल्या. मी मग त्या दाराला ऐकू जावं म्हणून आवाज चढवला. पप्पांसारखी समाधानी राहा, म्हणालो.

"कुठले पप्पा?" काल तिने इथल्या पोरांच्या 'लाह'वाल्या बोलीत विचारलं. "शनिवारी इस्त्री करताना ते देवाशी भांडायचे, काका. रडायचे पण. भिंत पातळ आहे लाह. फक्त तुम्हाला माहीत नाही."

दादा, मला का नाही सांगितलंस? सख्खा भाऊ ना मी? त्या जुन्या उपदेशकांनी हेच तर शिकवलं: देवाविरुद्ध कुरकुर नको, पण देवापाशी गाऱ्हाणं खुशाल करा. मी ते वाचलं, तू केलंस. आता मला देवाचाही हेवा वाटतो. तुझं रडणं त्याच्या वाट्याला आलं, माझ्या वाट्याला नुसतं "ठीक आहे रे."

मग मीपण सगळ्यांसमोर देवावर ओरडू का, असं रूथने विचारलं. ओरड, म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "पण एकटी नाही ओरडणार."

तुला शब्द देतो, तिला एकटी पडू देणार नाही. माझा भाऊ का नेलास, हे देवाला सगळ्यांत आधी मी विचारीन. आणि मंडळीतल्या माझ्या माणसांनो, पत्र संपलं की शहाण्यासारखे गप्प बसू नका. उठा, आणि रूथच्या आधी आपापलं गाऱ्हाणं मोठ्याने देवापुढे मांडा.

तुझा धाकटा,
शमुवेल