कुसूमचा खोपा कुणी घालायचा

चैत्र शु. ११, शके १८६५
कचेरीतून रजा मंजूर. कुसूमचं लग्न वैशाखात, आणि मला काळजी मांडवाची नाही, खोप्याची. विषमज्वरात पोरीचे केस गेले. पुन्हा आलेत ते मानेपर्यंत, जेमतेम. नवरीचा खोपा त्यात बसायचा कसा? हिची आई असती तर हे माझ्याकडं आलंच नसतं. तहसिलीत इतकी वर्षं खर्डेघाशी केली, पण वेणीवाली कशी निवडतात ते एकाही कागदात सापडलं नाही.

चैत्र पौ.
येरमाळ्याची बाई येऊन गेली. हात राकट. कुसूमच्या केसांना गंगावनाचे उसने केस बांधताना असं ओढलं की पोरीच्या डोळ्यांत पाणी. वर म्हणते, "नवरीनं एवढं सोसावंच की." चहा पाजून वाटेला लावली. नंतर पोर माजघरात आत्याच्या, आमच्या आक्काच्या, मांडीवर डोकं ठेवून पडून होती. तापातही हेच. आक्का तिला माक्याचं तेल चोळायची आणि गळालेले केस तिला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवायची.

चैत्र व. ४
तुळजापूर. दर्शन झालं, मग राधाबाई. तिथल्या नवऱ्या यांच्याकडूनच सजून जातात म्हणे. ओसरीवर एका पोरीची वेणी चालली होती. पोर चक्क डुलक्या घेत होती! तिथंच ठरवलं. सुपारी दिली, दिवस पक्का केला. येताना मोटारीत उभं राहावं लागलं, तरी हलकं वाटलं.

चैत्र व. ८
कुसूम अडून बसली. "आत्यानंच घालायचा. न्हाय तर मी अशीच उभी राहते."
आक्का चुलीपुढून उठलीच नाही. "येडी हायस का? माझ्यासारखीचा हात नवरीला लागत नसतो."
थोरली बहीण माझी. पंधराव्या वर्षी विधवा झाली. तेव्हापासून घरातल्या एकाही लग्नात मांडवात आलेली नाही, मागं रांधत बसते. आज मला राग आला. कुणाचा ते...

वैशाख शु. ६
राधाबाई आज संध्याकाळीच आल्या. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता उखडतील. हसल्या. "घालू द्या की आक्कांना. मी आत बसते. कुणी इचारलं तर माझं नाव सांगा. तुमचं काय जातंय?"
या बोलीवर आक्का कबूल झाली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बापू, खरं कुणालाच सांगायचं न्हाय. उद्या पोरीच्या संसारात काही उणं झालं, तर लोक माझ्याकडं बोट दाखवतील." मी हो म्हणालो.

वैशाख शु. ७, सकाळ
घातला! दाराच्या फटीतून पाहिलं. आक्का खोपा घालत होती, राधाबाई शेजारी बसून फुलं देत होत्या. कुसूम आरशात बघून हसली. ताप आल्यापासून अशी हसली नव्हती. मला रडू आलं, लपवलं नाही.

मग आक्का मागच्या पडवीत निघून गेली आणि विहीणबाई शालू घेऊन आल्या. खोपा निरखला, बोटांनी चाचपला. "लई सुरेख! कुणी घातला हो? आमच्या धाकटीच्या लग्नाला ह्याच बाई पाहिजेत, आत्ताच सांगून ठेवते."
राधाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. उत्तर तयार होतं, जिभेवर आलंही होतं.
"आमच्या आक्कानं घातला," मी म्हणालो.
"म्हंजे... त्या मागं असतात, त्या?"
"व्हय. त्याच."
कुसूमनं माझा हात घट्ट धरला. विहीणबाई शालू तसाच हातात घेऊन मागच्या पडवीत गेल्या, आक्काकडं.

ओट्यावर बसून लिहितोय, दुसरं काही सुचत नाही. दिलेला शब्द मोडला, पण खोटं बोलवेना. भटजी घाई करतायत. पडवीतून आवाज नाही. विहीणबाई अजून आल्या नाहीत.