एफवायबीएतला प्रौढ टक्का

२२ जून
निर्णय झाला. संध्याकाळच्या कॉलेजात एफवायबीएला ॲडमिशन घेतली. ठाण्यात खोपटच्या आमच्या ऑफिसपासून चालत जाता येतं. ऑफिसात धनेश माझ्या हाताखाली काम शिकला, आणि ग्रॅज्युएट म्हणून आता माझाच साहेब झालाय. तीन वर्षांत दाखवतो त्याला. बारावीनंतर कॉलेजची पायरी चढलेलो नाही, पण बुद्धी आहे तिथेच आहे. वय फक्त सत्तेचाळीस. रोज पहाटे अभ्यास.
बायकोला, रतनला, सांगितलं. म्हणाली, अहो, मग पहाटे पाणी कोण भरणार? मोठ्या गोष्टी चालू असताना हिला बारीक प्रश्न सुचतात.

१ जुलै
पहिला दिवस. ब्लेझर घातलेला. वर्गात शिरलो तर सगळे उभे राहिले. बसा म्हटलं. शिस्तीवर थोडं बोललोही. मग खऱ्या मॅडम आल्या. देवयानी मॅडम. मी बाकावर जाऊन बसलो. पोरं हसली. व्यक्तिमत्त्व असलं की असा त्रास व्हायचाच.

८ जुलै
मॅडम म्हणे पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्यांवर अभ्यास करतायत. पूर्वी या वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं असायची. आता निम्म्याहून जास्त तिशीच्या पुढचे, आणि त्यात बायकाच जास्त. एक पार्लर चालवते, एक अंगणवाडीत आहे, एक तर सुनेला घेऊन आलीय.
मी उभा राहून सांगितलं, या ट्रेंडचं नेतृत्व करायला मी तयार आहे. मॅडम म्हणाल्या, ट्रेंडला नेता नसतो, खाली बसा. हुशार बाई, पण अनुभव कमी.

१९ जुलै
घरी, दिवा स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत, कालपासून पाणी नाही. दाढी नाही, म्हणून कॉलेज नाही. अभ्यासही राहिला. दाढी वाढलेली असली की माझं डोकं चालत नाही.

२६ जुलै
आयकार्ड घरी राहिलेलं, ते द्यायला रतन कॉलेजात आलेली. मॅडमनी सहज विचारलं, तुमचं शिक्षण किती? हीपण बारावी पास. ॲडमिशनची मुदत वाढलेली होती. हिने तिथेच ॲडमिशन घेतली! मला विचारलं नाही. मी मोठ्या मनाने परवानगी दिली, म्हणजे ॲडमिशन झाल्यावर.
झेपणार नाही तिला. माझ्या नोट्स देईन. नोट्स काढायला घ्यायला हव्यात.

२० ऑगस्ट
वर्ग प्रतिनिधीची निवडणूक. मी उभा राहिलो. सर्वेश नावाचा एक पोरगा आहे, घरातला पहिलाच कॉलेजात आलेला. त्याला गेला महिनाभर मार्गदर्शन करतोय. त्याने कोपऱ्यात येऊन सांगितलं, काका, टेन्शन नको, आपण आहोत ना!
मला एक मत पडलं. माझं. रतन निवडून आली. ती उभी होती हेच मला माहीत नव्हतं.
सर्वेशला जाब विचारला. म्हणाला, काका, काकू डबा देतात.
बारकाईने बघितलं तर हा माझा पराभव नाहीच. बायकांचा टक्का वाढलाय. आकडेवारीपुढे कोण काय करणार?

१४ ऑक्टोबर
परीक्षा चालू. रतन घरची कामं उरकून वाचत बसते. मी पाठांतर टाळतो. स्वतंत्र विचार. अर्थशास्त्राच्या पेपरात धनेशच्या बढतीवर पानं भरभरून लिहिलं.

२५ नोव्हेंबर
निकाल. चार विषयांत केटी, म्हणजे ते पेपर पुन्हा. रतन वर्गात पहिली.
मॅडमना भेटलो. म्हटलं, चाळिशीपुढच्या पुरुषाच्या दृष्टीने पेपर काढलेच जात नाहीत, तुमच्या अभ्यासात हे यायला हवं. त्या म्हणाल्या, वर्गात तसे तुम्ही एकटेच आहात, एकाचा ट्रेंड होत नाही.
तसाच घरी आलो. ब्लेझर पिशवीत कोंबलेला. रतनने पेढ्याचा पुडा समोर ठेवला आणि चहा टाकला. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१ डिसेंबर
केटीच्या परीक्षेला मी बसतोय. हे मला आज रतनकडून कळलं.
ओट्याजवळ स्टुलावर बसवलं. ती कणीक मळतेय, मी पुस्तक मिटून धरलंय. तिने विचारलं, मागणी म्हणजे काय? मी म्हटलं, आमच्या ऑफिसात काय झालं, की... ती म्हणाली, ऑफिस राहू दे, पुस्तकातलं सांगा.
पाणी पिऊन येतो म्हटलं.
म्हणाली, आधी उत्तर.
बसलो.