सुट्टीवाल्यांची गाडी

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी कॉलेज सोडलं म्हणून तू बोलणं सोडलंस, तेव्हा लिहितो. रिकामा बसलेलो नाही. लढाईवरून सुट्टीवर येणाऱ्या जवानांना शेवटच्या रेल्वेनंतर घरोघर पोचवायची व्हॅन चालवतो, सुट्टी संपली की परत स्टेशनवर आणतो. टेकले की मेल्यासारखे झोपतात, म्हणून चढतानाच पत्ता विचारून बुटाच्या तळव्यावर खडूने लिहून ठेवतो. दार उघडेपर्यंत गाडी हलवायची नाही, हा आमचा नियम.

शिंपीणबाईंची मुलगी इथे आहे तोवर मी इथेच. या महिन्यात तिला सरळ विचारणार.

दाजींना नमस्कार. राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

राग तुझ्याच नाकावर असतो, माझ्या नाही. प्राचार्यांना भेटून आले. एकतीसला त्यांच्यासमोर हजर झालास तर परीक्षेला बसू देतील, नंतर नाही. मुलीला खुशाल विचार, पण तिच्या मनात कुणी आहे का ते आधी बघ. प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची तुझी सवय जुनी आहे. तुझे दाजी विचारतात, मेव्हण्याला गाडी मागे घेता येते का.

जेवत जा. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी ताई


१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल एका जवानाने शिंपीणबाईंचा पत्ता सांगितला. म्हणाला, आधी तिथे, आईकडे सकाळी जाईन. मी तो पत्ता त्याच्या बुटावर लिहिला. हात नेहमीसारखाच चालला. मुद्दाम त्याला सगळ्यांत शेवटी पोचवलं. तेवढंच सुचलं.

दार तिनेच उघडलं. तो उठेना. तिने पाय धरले, मी खांदे, आणि आत नेऊन शिलाई मशीनशेजारी निजवला. ती बूट काढत बसली. मला काही वाटलं नाही, ताई. वाटेल म्हणून गाडीत थोडा थांबलो, तरी नाही.

निघताना तिने गाडीपाशी येऊन विचारलं, एकतीसला याला न्यायला तूच येणार ना. बाकीच्यांना आधी घे, इथे शेवटी ये, म्हणाली.

मी बरं म्हटलं.

प्राचार्यांकडे पुन्हा जाऊ नकोस. माया कमी करू नकोस.

धाकटा