रिकामा घास

४ नोव्हेंबर
अंगणवाडीत चिऊचं वजन केलं. तीन वर्षांची झाली, काटा मागच्या महिन्याच्याच जागी. सुनंदाताई म्हणाल्या, "एकोणीसला पुन्हा पाहू. नाही वाढलं तं यवतमाळले भरती करा लागीन." ऐन कापूसवेचणीत आम्ही दोघी दवाखान्यात. काही कळत नाही. दुपारी मी शेतात असते, पण घरी यावं तर पोरीचं ताट चाटूनपुसून साफ.

६ नोव्हें.
हे आपल्या वडिलांना, मामाजींना, घेऊन दारव्ह्याला गेले होते. शुगर वाढलेली, पोटही. त्यांच्यावर डॉक्टर चांगलेच तापले म्हणे. मामाजींचं एकच, "मी तं अर्धीच भाकर खातो." खरंच अर्धीच ठेवते मी.

७ नोव्हें.
सापडलं! लवकर घरी आले, तर ओसरीत आजोबा-नात चिऊच्या ताटावर. तिचा एक घास, मामाजींचे चार. तूपभात, अंडं, सगळं.
"लेकराचं उष्टं टाकू काय मंग?"
राग आला आणि हसूही. एकीला भरायचंय, एकाला उतरवायचंय, आणि ताट एकच.

८ नोव्हें.
आज मी घरीच. मामाजींना लांब बसवलं. चिऊ तोंडच उघडेना. "आबा खाईन, तवाच मी खाईन." संध्याकाळपर्यंत तशीच. मला रडू आलं.

१० नोव्हें.
तोडगा मामाजींनीच काढला. रिकामा हात तोंडाशी नेतात, गाल फुगवतात, मिशा हलवत चावतात. वर ढेकर. चिऊ खूश, खाते. मी दारामागे हसून बेजार.

१४ नोव्हें.
अख्खं अंडं संपलं. वरणभातही. मामाजी बोरी अरबच्या बाजाराला चक्क पायी गेले, ऑटो न करता. येताना सहा संत्री, नातीसाठी. बरं चाललंय आमचं. दृष्ट नको लागायला.

१८ नोव्हें.
उद्या वजन. हात लावला की पोरगी भरल्यासारखी वाटते, पण माझ्या हाताचं काय खरं.
जेवताना तिने मामाजींच्या तोंडात बोट घातलं. "आबा, तुह्या तोंडात तं काहीच नाही."
मग तिने ताटातला सगळ्यात मोठा घास उचलला, तुपाचा, आणि त्यांच्यापुढे धरला. "घे."
मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाठ फिरवून गंजातला भात उगाच हलवत राहिले.