मिरकरवाड्याच्या बर्फातली होस्टा

मांडवी, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २००३

ती. सौ. राहीताईस,
संदेशचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर देणं मी टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. तिकडे हिमाचलात पालमपूरला भावोजींच्या बँकेच्या क्वार्टरमध्ये अजून फोन आला नाही, नाहीतर एवढ्यात तुझा ओरडा खाऊन मोकळा झालो असतो. लिहायला बसत होतो गं. पण इनलँड आणायला निघालो तर वाटेत ओळखीचा बर्फाचा ट्रक दिसला. तो मालवणला चालला होता. तिथे ड्रायव्हरच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, वाढपी कमी पडले, मग मी थांबलो. जिलबी चांगली होती.

इथे आप्पा काही ढळत नाहीत. त्यांचं म्हणणं, या पोराने कॉलेज अर्धं सोडलं, टायपिंग अर्धं सोडलं, परवा अर्धी दाढी करून मॅच बघायला गेला. शिमगा झाला की बाबूमामा येणार आणि मला भांडुपला त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात नेणार. तू माझ्या बाजूने भांडलीस म्हणून एवढी सूट मिळाली, की शिमग्यापर्यंत मी एक तरी रोप जगवून दाखवलं तर मिरजोळ्याचा जमिनीचा तुकडा नर्सरीसाठी माझा. नाही जगलं तर मी खोक्यांचा.

हंगाम सरत आल्यामुळे तिकडची नर्सरी होस्टाची रोपं अर्ध्या किमतीत काढतेय, तर निळसर पाठवू, पांढऱ्या काठाचं की पोपटी, असं तू विचारलंस. सावलीत वाढणारी मोठी पानं असं वाचून दाखवल्यावर आप्पा म्हणाले, हे आळूच. फक्त याचं फतफतं होत नाही, मग कशाला. मला निळं आवडलं. पण निळं रोप आजारी आहे असं गिऱ्हाइकाला वाटेल, म्हणून पांढऱ्या काठाचं. आणि मग पोपटी बिचारं एकटं का ठेवायचं? तर तिन्ही पाठव.

तुझ्या लोभावर मात्र सवलत नको. तो पुरा असू दे.

तुझा,
संदेश

पालमपूर
२४ नोव्हेंबर २००३

चि. संदेशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येईपर्यंत इथे थंडी पडली आणि नर्सरीच्या मालकीणबाई उरलेला माल जवळजवळ फुकट द्यायला तयार झाल्या. तुझ्या आळसाचा घराला फायदा व्हायची ही पहिलीच वेळ. वाफ्यांवरच्या पाट्या पावसाने धुऊन गेल्यात, त्यामुळे निळं कुठलं आणि पोपटी कुठलं ते आता बाईंनाही सांगता येत नाही. मी तिन्ही ढिगांतून अंदाजाने उचललं. पार्सल उघडून दचकू नकोस. आत पान एकही नाही, नुसती मुळं आहेत. ती मेलेली नाहीत, झोपलेली आहेत. आप्पांना हे आधी सांग आणि पार्सल मग उघड.

आता मुख्य गोष्ट. ही झाडं दोन महिने कडक थंडीत झोपली नाहीत तर पुढे उठतच नाहीत. बाईंनी हे पैसे घेतल्यावर सांगितलं. आपल्याकडे थंडी म्हणजे आप्पांनी पहाटे मफलर गुंडाळायचा, तेवढीच. तेव्हा थंडी कुठून आणायची ते तू बघ. भटक्या माणसाच्या ओळखी असतात.

मी तुझ्यासाठी आप्पांकडे शब्द टाकलाय, तो पाडू नकोस. आईच्या गुडघ्याला तेल लावून दे. माया आहेच, ती लिहून दाखवायला नको.

तुझी,
राहीताई

मांडवी, रत्नागिरी
११ जानेवारी २००४

ती. सौ. राहीताईस,
सा. न. वि. वि.

थंडी सापडली. मिरकरवाड्यात फारुकभाईंचा बर्फाचा कारखाना आहे ना, तिथे. मुळं मासळीच्या क्रेटमध्ये काथ्याच्या भुशात लावली, वर गोणपाट टाकलं आणि क्रेट आतल्या थंड खोलीत ठेवला. फारुकभाईंना विचारताना मी फार अवघडलो होतो. ते म्हणाले, माझ्याकडे सुरमई झोपते, पापलेट झोपतं, तुझं झाड झोपलं तर मी काय अंगाई म्हणायची आहे?

आप्पांना वाटलं, मी थापा मारतोय. माझी लबाडी पकडायला म्हणून ते मागोमाग कारखान्यात आले. गोणपाट उचलून मुळांचा वास घेतला. आपला मुलगा बर्फात माती पुरून बसलाय, हे लोकांना कळलं तर मामासुद्धा त्याला नेणार नाही, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आता तर रोज माकडटोपी घालून, आईची शाल पांघरून तिथे बसतात. विचारलं तर म्हणतात, घरात उकडतं.

आणि परवाचं ऐक. हमालाने चुकून आपला क्रेट उचलून बंदरावर लिलावात नेला. गोणपाट तसंच, वर बर्फ. लिलाववाल्याने आत हात घातला, चार पांढरे मऊ तंतू बाहेर काढले आणि काहीतरी खोल पाण्यातलं आहे म्हणून बोली सुरू केली. हौसाबाई कोळीण तर हटेनाच. ती म्हणत होती, तिच्या सासऱ्याने असलं एकदा खाल्लंय, वातावर चांगलं. मी ओरडत होतो, पण माझं कोण ऐकतंय? तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला. बांगड्याच्या वाट्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारे आपले आप्पा हौसाबाईच्या वर बोली लावत होते. आपलीच झाडं त्यांनी भर बंदरावर विकत घेतली. वाटेत मी हसलो, तर म्हणाले, हसू नकोस, हौसाने त्यांचं कालवण केलं असतं.

तरी आप्पांनी मामाला यायला कळवलंच आहे. म्हणतात, झोपलेलं रोप म्हणजे जगलेलं रोप नव्हे.

आठवण अशीच ताजी ठेव, बर्फ न घालता.

संदेश

पालमपूर
२ फेब्रुवारी २००४

चि. संदेशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या भावोजींनी बँकेत वाचून दाखवलं. इथले लोक आता मला हौसाबाईंची खुशाली विचारतात.

पण एक वाईट बातमी आहे. मालकीणबाईंना तुझा बर्फ सांगितल्यावर त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, कोंब येतील, पण चैत्रातला समुद्रकाठचा उन्हाळा या झाडांना सोसणार नाही; पानं करपतील आणि मुळं कुजतील. म्हणजे शिमग्याला तू जिंकशील आणि पाडव्यानंतर हरशील. हे आप्पांना हळूच सांग, किंवा सांगू नकोस. मला तर काही सुचत नाही. सवलतीत घेतलं म्हणून असं झालं की मुळातच मूर्खपणा होता, कोण जाणे.

तब्येत सांभाळ. तुझ्यावरचा जीव कुठल्याही हवेत टिकतो.

राहीताई

मांडवी, रत्नागिरी
१४ मार्च २००४

ती. सौ. राहीताईस,
सा. न. वि. वि.

झोपेचे दोन महिने भरल्यावर क्रेट घरी आणला आणि कोंब आले. गुंडाळलेल्या विडीसारखे, जांभळट. उलगडल्यावर एक निळं निघालं, दोन पांढऱ्या काठाची आणि बाकीची पोपटी. आप्पा फणसाखाली बसून त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत होते. त्याच वेळी मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. हळूच सांगायचं होतं, पण माझ्याच्याने काही लपत नाही.  आप्पा वारा आणखी जोरात घालायला लागले.

शिमगा झाला आणि बाबूमामा आला. जगलं की नाही, निकाल काय, असं त्याने विचारलं. सकाळी सांगतो, असं म्हणून आप्पा झोपले. सकाळी बघतो तर ते नाहीत. चिपळूणला लग्नाला जातो, असं आईला सांगून पहाटेच गेलेत. चिपळुणात आपलं कोण आहे, ते आईलाही आठवत नाही. फारुकभाईंकडचं मासळीचं थर्माकोलचं खोकं आणि सगळी होस्टा गायब आहेत.

मी अडकलोय, ताई. आप्पांच्या शब्दाशिवाय मामा मला नेत नाही आणि मिरजोळ्याचा तुकडाही माझा होत नाही. माझी पिशवी भरून पडवीत आहे. मामा कंटाळून मिरजोळ्याला कलमांच्या पिशव्यांत माती भरायला लागलाय. त्याला ते चांगलं जमतं. आप्पांचं काही पत्र आलं का? मी हजारदा न सांगता गेलोय, पण घरात मागे राहून वाट बघणं एवढं वाईट असतं हे मला माहीत नव्हतं.

उत्तर लवकर पाठव. या वेळी तू उशीर करू नकोस.

संदेश

पालमपूर
२२ मार्च २००४

चि. संदेशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. आप्पांचं पत्र नाही. काळजी करू नकोस म्हणणार होते, पण मलाच काळजी वाटतेय. आप्पा कोल्हापूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. तुझ्या भावोजींना तार करायला पाठवते. पोलिसांत

इथे मध्येच पेन ठेवावं लागलं. अंगणात मांजरांचा फार गोंगाट झाला म्हणून बाहेर गेले, तर फाटकात आप्पा उभे. माकडटोपी, आईची शाल, डोक्यावर थर्माकोलचं खोकं आणि मागे गल्लीतल्या सगळ्या मांजरी. पठाणकोटहून छोट्या गाडीने आले. वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनावर उतरून बर्फ बदलला, त्यात गाड्या चुकल्या, म्हणून एवढे दिवस लागले म्हणे. पाणी विचारलं तर म्हणाले, आधी सावली कुठे आहे ते दाखव.

तुझं विचारलं. म्हणाले, पोराने एक गोष्ट तडीस नेली. तिच्यासाठी मला इथवर यावं लागलं ते वेगळं. मिरजोळा तुझा. तसं कार्ड त्यांनी बाबूमामाला दिल्ली स्टेशनावरूनच टाकलंय. परत कधी निघणार विचारलं, तर नर्सरी उघडली का, अजून काही सवलतीत उरलंय का, म्हणाले.

आता पुरे करते. कुदळ सापडली नाही म्हणून ते माझ्या उलथन्याने खणतायत.

राहीताई