हजार फुटांचा नियम

३ मार्च १९९७, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. गावात कुठला धंदा कुठे चालावा हे ठरवणाऱ्या झोनिंग कमिटीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, यावरून गावाचा माझ्यावरचा विश्वास दिसतो. पहिलं काम : मेन स्ट्रीटवरचा 'कॉपर रोज' बार घालवणे. तिथे बायका कपडे काढून नाचतात. मी आत कधी पाऊल टाकलेलं नाही. (दोनदा. पाहणीसाठी.)

११ मार्च
शहराच्या वकीलबाई, जॉइस टिलमन, म्हणतात सरळ बंदी घालता येणार नाही, कोर्टात टिकणार नाही. कुठे चालवायचं तेवढं आपण ठरवायचं, पण कुठेतरी जागा द्यावीच लागते. म्हटलं, देऊ की! चर्च, शाळा, बाग, घर, सगळ्यांपासून हजार फूट लांब. नकाशावर कंपासने वर्तुळं काढली. अख्खं गाव झाकलं गेलं. उरला कत्तलखान्यामागचा एक तुकडा, हायवेलगत. फुटपाथ नाही, दिवे नाहीत, बस नाही. उत्तम. सहा महिन्यांत बंद पडेल.
आर्लीनने विचारलं, तक्रार कोणी केली होती? बायकोला राजकारण कळत नाही. चार पत्रं आली होती. चारही मीच लिहिली, पण लोकांच्या मनातलंच लिहिलं.

२ एप्रिल
जाहीर सुनावणी. नवा टाय. शॉना डीट्झ नावाची नाचणारी बोलायला उभी राहिली. म्हणे, बसस्टॉप दारात, फायर स्टेशन शेजारी, म्हणून सुरक्षित वाटतं. मुद्देसूद बोलली. आवडलं नाही. मी विचारलं, "तुम्ही काय करता ते तुमच्या आईला ठाऊक आहे का?"
तिसऱ्या रांगेतून एक जाडजूड म्हातारी उठली. "ठाऊक म्हणजे? तिचे कपडे मीच शिवते. तुला शिवून देऊ का एखादा?"
हॉल हसला. म्हातारीलाच हसले असणार. मी म्हणालो, "म्हणजे लाज दोघींनाही नाही." मग कोणी हसलं नाही. शॉना रडायला लागली. ठराव मंजूर, पाच विरुद्ध दोन. आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.

१४ एप्रिल
आमच्या चर्चच्या गायकांचे झगे ती म्हातारीच शिवत होती, असं कळलं. आता शिवत नाही. मी फक्त एक फोन केला.

९ सप्टेंबर
बार हलला. बंद मात्र पडला नाही. हायवेवरचे ट्रकवाले रांगा लावतात. पाटी आधीपेक्षा तिप्पट मोठी. मेन स्ट्रीटवरची जागा रिकामी, काचा फुटलेल्या. शेजारचं डोनटचं दुकानही गेलं, त्यांचं गिऱ्हाईक बारमुळेच होतं म्हणे. पण शांतता किती आहे!

१९ नोव्हेंबर
काल संध्याकाळी साडेपाचला शॉना डीट्झ हायवेच्या कडेने कामावर चालली होती. ट्रकने उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.
चालत जायला कोणी सांगितलं होतं? नियमात चालण्याचा उल्लेखच नाही.
आर्लीन जेवताना एकच वाक्य बोलली. "वर्तुळं छान काढली होतीस हो." ताट उचलून आत गेली.

२० नोव्हेंबर
टिलमनबाईंनी बजावलंय, हॉस्पिटलकडे फिरकू नका. पण माणसाने समोर जाऊन ठाम बोलावं. उद्या जाणार. सांगणार की नियम बरोबर होता, अंमलबजावणीत थोडं कमी पडलं. फुलं घेणार. साधीच.

२१ नोव्हेंबर, दुपार
गेलो. कानटोपी घातली होती, थंडी होती. कॉरिडॉरमध्ये म्हातारी एकटीच बाकावर. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"त्या सभेतले तुम्हीच का हो? माझ्या पोरीला विचारणारे?"
"नाही," मी म्हणालो. "ते दुसरे."
"बरं झालं बाई," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, बारमधल्या पोरींशिवाय कोणी फिरकलं नाही. बसा ना."
बसलो. तिने पिशवीतून सँडविच काढलं, मोडून मोठा तुकडा मला दिला.
खाल्ला.