रस्ता पूर्ववत करणेबाबत

१० नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून मोहीम सुरू. गॅसवाल्या कंपनीने पाइप टाकायला आमची गल्ली मधोमध चिरली, पाइप टाकला आणि गायब. आई, म्हणजे माई, केळव्याला दीपिकाकडे, माझ्या बहिणीकडे अडकलीय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि बोईसरचा एकही रिक्षावाला गल्लीच्या तोंडापासून पुढे यायला तयार नाही. माईला फोनवर सांगितलं, आठ दिवसांत रस्ता करून तुला दारात उतरवतो. माई म्हणाली, बघ बाबा, लेकीच्या घरी किती दिस रावू.
तीस वर्षं तारापूरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला काढली. माझे मेमो वाचून माणसं रडायची. ग्रामपंचायत किस झाड की पत्ती!

११ नोव्हेंबर
उठायला उशीर. उद्या.

१४ नोव्हेंबर
ग्रामसेवकांना भेटलो. नाव कुंदन, वय माझ्या मुलाएवढं, तरी सगळे भाऊसाहेब म्हणतात. मोठी बातमी: रस्ता पूर्ववत करायचे पैसे कंपनीने पंचायतीत आधीच भरलेत! पण जसा होता तसाच करायचा, जास्त काही नाही. म्हणून ‘खोदण्याआधी रस्ता डांबरी होता’ एवढं एका ओळीत लिहून द्या, बाकी मी बघतो, म्हणाले.
एका ओळीत! मला! वरवर ‘बरं’ म्हटलं.

१९ नोव्हेंबर, दुपारी
मसुदा चौथ्यांदा. मागायचंच तर काँक्रीट मागावं, डांबर काय मागायचं! त्यासाठी केस स्ट्राँग हवी. लिहिलं: ‘सदर ठिकाणी गेली पंधरा वर्षे रस्ता या नावाला शोभेल असे काहीही अस्तित्वात नव्हते. डांबर कसे दिसते हे येथील बालकांना ठाऊक नाही.’ वाचताना माझ्याच अंगावर काटा आला.
चारुताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, डांबरी होता की आपला रस्ता, चार खड्डे होते एवढंच. बायकोला ड्राफ्टिंगमधलं काय कळतं?

२४ नोव्हेंबर
अर्ज दिला. चार पानं, तीन प्रती. भाऊसाहेबांनी पहिलं पान वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. कृष्णकांतकाका, नक्की हेच द्यायचंय ना, असं दोनदा विचारलं. चांगलेच इम्प्रेस झाले. म्हटलं, मारा शिक्का.
मागच्या गल्लीतली भाजीवाली नवसी पण आलेली. तिची गल्लीही खोदलीय. तिचा अर्ज वहीच्या फाडलेल्या पानावर, पोरीने लिहिलेला: रस्ता डांबरी होता, तसाच पायजे. कीव आली. नीट लिहून देऊ का, विचारलं. नको काका, आमचं इतकंच हाय, म्हणाली.

२ डिसेंबर
माईचा फोन. तुझे आठ दिस कधी सरतात, विचारत होती. म्हटलं, काँक्रीट म्हणजे क्युरिंग असतं, दिवसेंदिवस पाणी मारावं लागतं, वेळ लागतो. मग म्हणाली, दीपिका सगळं करते रे, पण माजी खिडकी नाय इथं.
फोन ठेवल्यावर माईची खिडकी उघडून पुसून घेतली. धूळ फार होती.

१० डिसेंबर
पंचायतीकडून इंजिनिअर आले! हातात टेप आणि माझा अर्ज. मी दुसरा परिच्छेद न बघता म्हणून दाखवला. ते मान खाली घालून लिहून घेत होते. रस्ता नव्हताच ना, हे त्यांनी पुन्हा विचारलं. अजिबात नव्हता, मी ठणकावलं. चहा पाजला, खारी दिली. माईला कळवलं, संक्रांतीला घरी.

२९ डिसेंबर
नवसीच्या गल्लीत रोलर फिरतोय. डांबर. बिचारी. काँक्रीट मागायचं सुचलंच नाही तिला.

५ जानेवारी, सकाळी
आमच्याकडे ट्रॅक्टर आला. चरात माती ओतली, फावड्याने ओढली, पायांनी दाबली, निघून गेला. काँक्रीटचा बेस असणार.

८ जानेवारी
बेस नाही. भाऊसाहेबांनी कागद दाखवला: ‘अर्जदाराच्या लेखी म्हणण्यानुसार सदर ठिकाणी पूर्वी रस्ता नव्हता. सबब माती भरून जागा पूर्ववत करण्यात आली.’ नवा अर्ज देतो म्हटलं. ते म्हणाले, काका, आता रस्ता होता असं लिहिलंत तर आधीचं खोटं ठरेल.
मात्र माझं म्हणणं त्यांनी शब्दशः मान्य केलं. एक शब्द खोडला नाही. अशी पोच किती जणांना मिळते?
चारुताला सवडीने सांगेन.

९ जानेवारी
चारुताला नवसीने सांगितलं. चारुता भांडली नाही. जेवण वाढलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी, भोगी
माई आली. रस्ता झाला असं समजून दीपिकाने थेट रिक्षात बसवली. रिक्षा गल्लीत शिरली आणि दहा पावलांवर पुढचं चाक मातीत रुतलं. चारुताने समोरच्या चाळीतून पहिल्या पाळीवरून आलेल्या चार कामगारांना हाक मारली. ते प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले, माताजी, कसके पकडना म्हणाले, आणि माईला अलगद उचललं.
मी खुर्चीच्या पुढे जाऊन माईला सांगायला लागलो, की तांत्रिकदृष्ट्या चूक पंचायतीची आहे, आणि वरच्या ऑफिसला सहा पानी अपील तयार आहे. माई वरूनच म्हणाली, बाबा, तू बोलू नको, बाजूला हो, त्यांना वाट दे.
झालो बाजूला. चारुताने माईच्या चपला माझ्या हातात दिल्या. त्या घेऊन सगळ्यांच्या मागून घरी आलो.